आमच्यात गळत नाही

नवरा लवू काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून कामावरून काढला गेला, तेव्हा अनसूया रोज सकाळी त्याचा डबा भरून देत राहिली. तो डबा घेऊन बाहेर पडायचा, कुठेतरी झाडाखाली बसून खायचा आणि संध्याकाळी वेळेवर परत यायचा. वर्षभर बिल्डिंगमध्ये कोणाला कळलं नाही. गावी, संगमेश्वरकडे, नणंदांनाही नाही. पुढे तो पिऊ लागला, तर त्याला मधुमेहाची चक्कर येते असं तिने सांगितलं, आणि शेजारणी त्याच्यासाठी कारल्याचा रस पाठवू लागल्या. तोही तिने ठेवून घेतला.

लवू गेला तो चांगला माणूस म्हणून गेला. एवढं अनसूयेने केलं.

घराचंही तिने असंच केलं होतं. नवघरच्या गल्लीतली ती चार मजली बिल्डिंग लवूने घर घेतलं तेव्हाच नवी राहिलेली नव्हती. वरच्या रश्मीने बाहेरच्या खोलीत ओटा आणि मोरी घेतली, तेव्हापासून अनसूयेच्या बाहेरच्या खोलीचं छत पाझरायला लागलं. भांडायला वर जायचं, तर आपल्या घरात गळतं हे आधी कबूल करावं लागलं असतं. तिने भिंतीच्या ओलीपुढे कपाट सरकवलं. छताला गणपतीची माटवी टांगलेली होती, गावच्या सुताराकडून आणलेली लाकडी पट्ट्यांची चौकट. चतुर्थीला तिला आंब्याचे टाळे, सुपाऱ्या, फळं बांधायची आणि खाली देव बसवायचा. विसर्जनानंतर सगळे माटवी उतरवतात. अनसूयेने ती उतरवणं बंद केलं. तिला खालून पांढरं जरीकाठी कापड ताणून शिवलं. वरून पडणारे पोपडे कापडात अडकायचे. महिन्याकाठी ती स्टुलावर चढून ते काढायची आणि पेपरात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकून यायची.

मुलाचं, सूरजचं लग्न याच कापडाखाली ठरलं. संजनाचे आईवडील महाडहून घर बघायला आले, चहा प्यायले आणि घर नीटनेटकं आहे म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात संजनाने झाडू मारताना कपाट ओढलं. ती ओरडली नाही. सासूला एवढंच म्हणाली, "तुम्ही आम्हाला भिंत दाखवलीच नाहीत. कपाट दाखवलंत."

मुलगी, सान्वी, झाल्यावर मात्र संजनाचा धीर सुटू लागला. पोरीचं अंथरूण बरोबर माटवीखाली पडायचं. दुसरी जागाच नव्हती. संजनाने छताच्या गजांचे फोटो काढून नवऱ्याला दाखवले. गंजून फुगलेले गज, कुजलेल्या हाडासारखे. सूरज म्हणाला, आईशी बोलतो. तो बोलला नाही.

मग अनुदानाची बातमी आली. गल्लीतल्या सगळ्या जुन्या बिल्डिंगा मिळून पुनर्विकासात जाणार होत्या. कधी, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तोवर कोणाच्या डोक्यावर छत पडू नये म्हणून घराच्या आतल्या दुरुस्तीला सरकारी पैसे मिळणार होते. इंजिनिअर येऊन एकेक घर बघणार आणि ज्याचं खरोखर धोक्याचं, त्याचं नाव यादीत घालणार. संजनाने हाटकेशला भाड्याची खोली बघून ठेवली होती, हे अनसूयेला तेव्हा कळलं. पैसे मिळाले तर छत करून घेऊ आणि इथेच राहू, नाहीतर पोरीला घेऊन आपण जाणार, असं तिने सूरजला स्पष्ट सांगितलं होतं. दाराच्या आडून अनसूयेने ते ऐकलं.

इंजिनिअर यायच्या दिवशी संजनाने कामावर जाण्याआधी कपाट ओढून पुढे आणलं. कापडाची शिवण उसवून माटवी उघडी केली. खाली घमेलं ठेवलं.

"आई, आज काही झाकू नका. जसं आहे तसं दिसू दे. एवढं एकदा करा."

अनसूया बरं म्हणाली, आणि तिच्या मनातही तसंच होतं. पण इंजिनिअर एकटा फिरत नव्हता. त्याच्यामागून बिल्डिंगमधल्या बायका एकेका घरात शिरत होत्या. काहीजणी तर आपलं घर दाखवून झाल्यावर दुसऱ्याचं बघायला थांबल्या होत्या. अनसूयाही वर गेली. रश्मीच्या मोरीत इंजिनिअर हातोडीने ठोकून बघत होता आणि दारातल्या दोघी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक म्हणाली, "वरून मेकअप बघा आणि मोरी बघा." रश्मी हसत होती. तिला काही वाटत नव्हतं. तिने ओल आणखी नीट दिसावी म्हणून बादली सरकवली.

अनसूया खाली आली. जिन्यात पावलं वाजत होती. तिने कपाटाला पाठ लावून ते भिंतीला नेलं. घमेलं मोरीत ठेवलं. कापड पट्ट्यांना टाचण्यांनी अडकवलं आणि देव्हाऱ्यातला झेंडूचा हार काढून मधोमध टांगला.

इंजिनिअर तरुण होता. त्याने चपला बाहेर काढल्या. भिंत ठोकून पाहिली, जिथे कपाट नव्हतं तिथे. मग वर बघितलं.

"हे काढता येईल का, काकू?"

"गणपतीची माटवी आहे. तिला असा हात लावत नाहीत."

दारात रश्मी होती, तिच्यामागे सगळ्या. "पण वर कुठे गळतं का?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगा, मी तसं लिहितो."

"नाही," अनसूया म्हणाली. "आमच्यात गळत नाही."

यादीत रश्मीचं नाव लागलं. संजनाला ते जिन्यात रश्मीकडूनच समजलं. तुझ्या सासूचं घर एकदम टकाटक निघालं गं, साहेब खूश, असं ती म्हणाली. संजनाने इंजिनिअरकडे चौकशी केली. अजून वेळ गेलेली नव्हती. घर अनसूयेच्या नावावर होतं, तिने येऊन छत पुन्हा बघा एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"म्हणजे मी तेव्हा खोटं बोलले, हे मीच सगळ्यांना सांगू?" अनसूयेने विचारलं.

दोन दिवसांनी शाळेतून आलेली सान्वी पाणी प्यायला उठली आणि तिच्या दप्तरावर छताचा तुकडा कापडासकट येऊन पडला. दप्तरातली पाटी फुटली. सूरजने त्या दिवशी पहिल्यांदा आईकडे न बघता बायकोला विचारलं, खोली कधीपासून मिळेल.

सूरज-संजनाचा टेम्पो भरताना बायका जिन्यात उभ्या होत्याच. असं अचानक कसं काय, असं रश्मीने विचारलं.

"सान्वीला तिकडून शाळा जवळ पडते," अनसूया म्हणाली.

सान्वीची शाळा समोरच्या गल्लीत होती. जिन्याच्या खिडकीतून तिचं फाटक दिसत होतं. संजना हातात कुकर घेऊन उतरत होती. तिने सासूकडे बघितलं आणि ती खाली गेली.

रश्मीचं काम पुढच्या आठवड्यात निघालं. तिची मोरी आणि ओटा खणायला मिस्त्री आले. पहिल्याच घावाला अनसूयेच्या घरात धुरळा उडाला. मग पोपडे, मग मुठीएवढे तुकडे. नव्याने शिवलेलं कापड पोटासारखं लोंबू लागलं. ती देव्हाऱ्यापाशी सरकून बसली.

वरचे घाव थांबले. दार वाजलं. तिने केस झटकले, पदर डोक्यावरून घेतला आणि दार स्वतःच्या अंगाएवढंच उघडलं.

"मौसी, नीचे कुछ गिर रहा है क्या?" मिस्त्रीने विचारलं. "गिरता होगा तो बोलो, हाथ रोक के मारेंगे."

"कुछ नहीं गिरता," अनसूया म्हणाली. "तुम मारो."

आणि तिने दार लावून घेतलं.