पीठ मळण्याआधीचा प्रश्न

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्यालगत एका ढाब्यामागे पत्र्याची शेड आहे. आत चुली, मोठ्या पराती आणि धुरानं काळी पडलेली भिंत. ढाब्याच्या भाकरी तिथेच थापल्या जातात. शिवाय लग्न, जागरण-गोंधळ, दशक्रिया, सप्ताह असं काही असलं की पंचक्रोशीतून भाकरीची मागणी येते. ती घेतात रंगुबाई. वय एकोणपन्नास, बांधा बारीक, आवाज मोठा. हाताखाली पाच बायका. त्यांतली सर्वांत थोरली गोजरबाई ही त्यांची जाऊ, सर्वांत धाकटी दिपाली ही शेजाऱ्यांची सून.

चुलीपुढे बसणाऱ्या बाईला घाम येतो, यात नवल नाही. म्हणूनच रंगुबाईंच्या अंगातून उठणाऱ्या वाफा बरेच महिने कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्याही नाही. लक्षात आलं ते चुलीपासून लांब. जानेवारीच्या एका सकाळी त्या नवऱ्याच्या टेम्पोतून कर्जतच्या बाजाराला निघाल्या होत्या. भागवतरावांनी मफलर गुंडाळला होता. रंगुबाईंनी अंगावरचा स्वेटर काढला, पदर ढिला केला आणि काच खाली घेतली.

"येडी झाली का काय? दात वाजत्यात हितं."

"मला पेटल्यागत झालंय. तुमी गाडी हाका."

त्या वर्षी पाळीनंही ताळतंत्र सोडलं. कधी दोन महिने येत नसे. आली की आठ-दहा दिवस अंगावरून जाई, तेही इतकं की भाकरी तव्यावर टाकून मध्येच उठावं लागे. रंगुबाई गडद रंगाच्या साड्या नेसू लागल्या, बसायच्या पोत्याखाली जुनं लुगडं घालू लागल्या. झोप उडाली. दिवाळीच्या तोंडावर एकदा चुलीपुढे त्यांना चक्कर आली आणि तोल सावरायला टेकलेला हात तव्यावर पडला. तळव्याची कातडी निघाली. भाकरी थापणाऱ्या बाईचा तळवा भाजणं म्हणजे घरी बसणंच.

गोजरबाईंनी हळद लावता लावता सांगितलं, "पिशवी काढून टाक. मी काढली, कटकट संपली."

हा सल्ला शेडमध्ये नवा नव्हता. तिथल्या तिघींची गर्भपिशवी काढलेली आहे. गोजरबाईंची निघाली तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. नवरा-बायको कोपरगावकडे ऊसतोडीला जात. पाळीत कंबर धरली की दिवस बुडे, दिवस बुडला की मुकादम खाडा धरून पैसे कापी. हंगामाआधी एका दवाखान्यात त्यांनी पिशवी काढून घेतली. तिच्यासोबत आणखी काय काढलं, बीजांडकोशही का, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या वर्षापासून त्यांना अशाच वाफा येत. चाळिशीत गुडघे गेले, पन्नाशीत पाठीला बाक आला. कटकट संपली, असं त्या तरीही सांगत, आणि त्या सांगण्यात खोटेपणा नव्हता.

शेडमध्ये या सल्ल्याला आणखी एक कारण होतं. भाकरी देवकार्याची असली, तर पीठ मळायच्या आधी रंगुबाई सगळ्यांना एकच प्रश्न विचारीत. "कुनाला अडचन?" जिला पाळी आली असेल ती उठून घरी जाई. तपासणं नव्हतं, बोलणी नव्हती. बाईनं स्वतः सांगायचं. हा नियम रंगुबाईंनीच घातलेला. फार पूर्वी एका सप्ताहात कोणीतरी कुजबूज केली आणि मंडळातले पुरुष चुलीपाशी चौकशी करायला आले होते. पुरुषांनी विचारण्यापेक्षा मीच विचारीन, असं तेव्हा रंगुबाईंनी ठरवलं. नियम सगळ्यांना पटला. ज्यांची पिशवी काढलेली होती त्यांना तर तो ऐकावाही लागत नसे. त्यांचा दिवस कधीच बुडायचा नव्हता.

तरी रंगुबाईंनी पिशवी लगेच काढली नाही. बायकांपेक्षा त्यांचा सोनोग्राफीवर भरवसा जास्त, असं भागवतराव म्हणतात. कर्जतच्या डॉक्टरबाईंनी ती केली, रक्त तपासलं, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. सगळं साफ निघालं. फक्त अंगात रक्त कमी होतं.

"पिशवी काढायचं कारण दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची पाळी जायला आलीय. वाफा आणि झोपेसाठी अंगाला लावायचं हार्मोनचं जेल देते. पण नुसत्या त्यानं अस्तर जाड होतं. म्हणून पिशवीत एक छोटी कॉइल बसवू. ती आतल्या आत थोडं थोडं औषध सोडते. अस्तर जाड होत नाही, रक्तस्रावही कमी होतो."

"म्हंजी तांबी?"

"बसवायची तशीच. पण तिच्यात तांबं नसतं, औषध असतं. पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसतील. घाबरायचं नाही."

जेल दंडाला लावा, असं त्यांनी सांगितलं. रंगुबाईंनी हात पुढे केले. हे दिवसभर पिठात असतात, म्हणाल्या. मग मांडीवर ठरलं. लावल्यावर हात धुवायचे आणि जेल वाळेपर्यंत चुलीजवळ जायचं नाही, कारण त्यात स्पिरिट असतं. हा शेवटचा नियम रंगुबाईंना सर्वांत चांगला लक्षात राहिला.

बाहेर बाकावर ज्योती नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनीही अशीच कॉइल बसवली होती आणि काही महिन्यांत काढून घेतली होती. डोकं धरायचं, छाती दुखरी व्हायची, उगाच रडू यायचं. आता त्या गोळ्या घेत होत्या. "मला नाही मानवली," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीला मानवली. बसवून बघितल्याशिवाय कळत नाही." डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा रंगुबाईंना हे बोलणं उपयोगी वाटलं. नाही मानवली तर काढता येते, एवढं त्यांना कळलं. पिशवीचं तसं नव्हतं.

कॉइल बसवताना कळ आली. दाढ काढण्यापेक्षा जास्त, बाळंतपणापेक्षा कमी, असं त्यांनी शेडमध्ये सांगितलं. आणि सांगितलं हेच चुकलं.

गावात तांबी म्हणजे पाळणा लांबवायची वस्तू. ती पन्नाशीच्या बाईला बसवली, ही बातमी ढाब्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"काकू, आमचा पाळणा माळ्यावर हाय," दिपाली म्हणाली. "धुऊन ठिवू का?"

"ठिव. तुझ्या सासूला निजव त्यात."

भागवतरावांना टेम्पो स्टँडवर कोणीतरी नव्या संसाराच्या शुभेच्छा दिल्या. ते घरी आले ते फुगूनच. "तुला दुसरं काही बसवून घ्यायला घावलं न्हाई?"

"इचारलं हुतं. नवऱ्याच्या तोंडाला कुलूप बसवायची सोय कर्जतला अजून झाली न्हाई."

काही आठवड्यांत झोप परत आली. वाफा येत, पण पेटवत नसत. जुना पूर थांबला. रक्तवाढीच्या गोळ्यांनी चक्कर गेली. तळव्यावर नवी कातडी धरली आणि रंगुबाई पुन्हा तव्यापुढे बसल्या. राहिले ते डाग. आज थोडा, मग तीन दिवस काही नाही, मग पुन्हा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं. पण देवकार्याला हे कसं मोजायचं, ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं.

एका जागरणाच्या भाकरींची मागणी आली. रंगुबाईंनी प्रश्न विचारला आणि स्वतःच उठल्या. पुढच्या गोंधळाला तेच झालं. दोन्ही वेळा भाकरी कमी पडल्या, एकदा कच्च्या राहिल्या. पूर्वी महिन्यातले चार दिवस नक्की असत. आता कुठला दिवस आपला आहे, हेच त्यांना सकाळ उजाडेपर्यंत कळेना.

माघात गावचा सप्ताह. शेवटच्या दिवशी काल्यानंतर आमटी-भाकरीची पंगत बसते. पूर्वी घरोघरून भाकरी येत. आता बऱ्याच घरांत चूल राहिलेली नाही, म्हणून निम्म्याहून जास्त भाकरी रंगुबाईंच्या शेडमधून जातात. मंडळाचे काकासाहेब दरवर्षीप्रमाणे सांगायला आले. "वहिनी, औंदा तुमीच असनार ना? दोनदा तक्रार आली. मंडळी म्हनत्यात, जमत नसंल तर दुसऱ्या बाया बघू."

ते गेल्यावर गोजरबाईंनी मनातलं बोलून दाखवलं. "काढून टाक ती तांबी. आन पिशवी बी. एवढ्या वर्सांचं काम एका डागापायी घालवती का?"

दोन दिवसांनी टेम्पोत बसून रंगुबाई कर्जतला गेल्या आणि कॉइल काढायला सांगितली.

"काढते. फार वेळ लागत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्रास काय होतोय?"

"तरास न्हाई. सप्ताह हाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे डाग म्हणजे नेहमीची पाळी नाही. शरीर औषधाला सरावतंय. कॉइल काढली तर जेलही असं चालू ठेवता येणार नाही. दुसरं औषध बघावं लागेल. आणि आधीचा रक्तस्राव परत सुरू होऊ शकतो."

"ते मला कळतंय. मंडळाला कोन सांगनार?"

"ते मला नाही जमणार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रंगुबाई तपासणीच्या टेबलावरून उठल्या, साडी नीट केली आणि बाहेर आल्या.

"काढली?" भागवतरावांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी टेम्पो चालू केला. गावाबाहेर आल्यावर म्हणाले, "बरं झालं. तू झोपतीस तर मलाबी झोप लागती."

काल्याच्या दिवशी सकाळी डाग होता. पुसटसा, पण होता. रंगुबाईंनी अंघोळ केली, कपडा घेतला आणि शेडमध्ये आल्या. बायका आधीच बसल्या होत्या. चुली पेटल्या, पाण्याला उकळी आली. पिठाच्या गोण्या उघडल्या. रंगुबाईंनी परातीत पीठ घेतलं, त्यात गरम पाणी ओतलं.

"काकू," दिपाली म्हणाली, "इचारायचं ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे."

गोजरबाईंचा हात थांबला. "तुला हाय."

"डाग हाय."

"मग ऊठ."

"न्हाई उठनार. आन कुनाला उठवनार बी न्हाई. ज्येचं त्येनं बगावं. मी हितून फुडं इचारनार न्हाई."

दिपालीनं मान खाली घातली. मागच्या वर्षी याच दिवशी ती उठून घरी गेली होती. गोजरबाई मात्र जावेकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या होत्या, पण राग देवाधर्माचा नव्हता.

"इचारायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या, "तर मग आमी कशापायी काढली?"

ऊसतोडीच्या त्या हंगामात ही शेड नव्हती, हा प्रश्नही नव्हता. खाडा मुकादमानं धरला होता, रंगुबाईंनी नाही. पण तसं म्हणून भागलं नसतं. चुलीत लाकूड तडतडलं.

तेवढ्यात काकासाहेब दारात आले. "काय वहिनी, चुली पेटल्या, थापटी ऐकू येईना. सगळं ठीक हाय ना?"

बायकांनी गोजरबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. सप्ताहाचं काम त्याच दिवशी गेलं असतं, आणि बहुधा पुढची सगळीच.

"पानी जास्त झालंय," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी ओंजळ भरून पीठ घेतलं आणि रंगुबाईंच्या परातीत टाकलं. "सवय मोडली हिची. मळ आता, बगती काय?"

काकासाहेब हसून गेले. भाकरी वेळेत झाल्या. पंगती दुपार कलेपर्यंत चालल्या. कमी पडल्याची तक्रार आली नाही, कच्च्या असल्याचीही नाही.

त्यानंतर गोजरबाई जावेशी थेट बोलेनाशा झाल्या. कामाला रोज येत, शेजारच्याच चुलीवर बसत आणि जे सांगायचं ते दिपालीमार्फत सांगत. दिपाली मध्ये बसून कंटाळली. "तुमचं ह्ये मोबाईलवर करा," ती म्हणाली. तरी कोणी हसलं नाही.

उन्हाळ्यात रंगुबाईंचे डाग थांबले. आता तो प्रश्न विचारला असता, तरी त्यांना उठावं लागलं नसतं. त्यांनी तो विचारला नाही. एक बाई पाळीच्या दिवशी अजूनही आपणहून घरी राहते. तिला कोणी काही म्हणत नाही.

सहा महिन्यांची तपासणी आली. त्या दिवशी सकाळी रंगुबाई टेम्पोत बसल्या आणि त्यांनी भागवतरावांना गाडी जावेच्या दारात थांबवायला सांगितली. गोजरबाई ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"आक्का, चला."

"मी कशाला?" कित्येक महिन्यांनंतर त्या थेट बोलल्या. "माझं काय ऱ्हायलंय आत बगायला?"

"हाडं हायती की. पिशवीसंगं अजून काय काढलं, ते बी कळंल. डॉक्टरीण म्हनली, तसल्या बायांची हाडं बगावी लागत्यात."

गोजरबाईंनी तेलाचा हात पदराला पुसला. टेम्पोची पायरी उंच होती. रंगुबाईंनी वरून हात दिला, तो घेऊन त्या चढल्या आणि खिडकीची जागा मागून घेतली. वाफ आली की काच खाली करायला लागते, म्हणाल्या.