ब तुकडीचं राहून गेलं

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत होते. मिलिंद म्हणजे प्रज्ञाचा धाकटा भाऊ. "माधुरीताई..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "ताई गेली." मी "बरं" म्हटलं. बरं! माझं मलाच कळलं नाही मी काय बोलतेय ते. फोन ठेवला, पुढचा पेपर ओढला, दोन प्रश्नांना गुणसुद्धा दिले आणि मग लाल पेनला टोपण लावलं. शेजारची खुर्ची तिची. दिवाळीनंतर ती रिकामीच होती, तरी आमच्यापैकी कुणी तिच्यावर साधी पर्सही ठेवत नव्हतं. त्याला आता काही आठवडे झाले. खुर्चीवर नव्या बाई बसतात. बसणारच, खुर्च्या काय जास्तीच्या आहेत का शाळेत?

हडपसरच्या आमच्या शाळेत प्रज्ञा पाचवीच्या दोन्ही तुकड्यांना गणित शिकवायची, मी मराठी. ती यायची धायरीहून, स्वारगेटला बस बदलून, बहुतेक वेळा उभ्याने. आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "पोचले गं बाई एकदाची!" आणि काखेत तिचा तो गुंडाळफळा. काळ्या रेक्झिनचा, वर-खाली काठी लावलेला, डी.एड.ला असताना स्वतः केलेला. वर्गात भिंतभर फळा असताना हा कशाला, असं नव्या शिक्षिका विचारायच्या. तिचं म्हणणं असं, की फळ्यावर आकृती काढायला पाठ फिरवली की तेवढ्यात पोरं निसटतात. म्हणून ती आकृती घरीच काढून, सुबक रंगवून, गुंडाळून आणायची. एकदा बसमधल्या कंडक्टरने विचारलं, "मॅडम, बंदूक हाय का काय?" ती म्हणाली, "हो, पण आज तुमच्यासाठी नाहीये." पाठ संपला की फळा पुसायचा मान एका मुलाला, आणि सूचना दर वेळी तीच, "वरून खाली पूस, धूळ उडत नाही." वीसेक वर्षं शेजारच्या वर्गातून मी हे वाक्य ऐकलं. तेव्हा कंटाळा यायचा त्याचा.

पदवीचं खूळ तिच्या डोक्यात एका प्रशिक्षणात शिरलं. नवीन पाठ्यपुस्तकांवर आम्हाला शहाणं करायला एक तरतरीत गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "अभ्यासक्रम ठरवणारे ठरवतात, आपण फक्त राबवायचा." मी वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टी काढत होते. प्रज्ञा उभी राहिली. "अहो, हे सगळं पाचवीच्या मुलाला एका सत्रात झेपतं असं ठरलं, तेव्हा त्या खोलीत पाचवीला शिकवणारं कुणी होतं का?" गृहस्थ म्हणाले, चहानंतर बोलू. चहानंतर अर्थातच कुणी काही बोललं नाही. परतताना ती म्हणाली, "मला त्या खोलीत बसायचंय, माधुरी."

"मग बस की. कुणी धरलंय?"

"तिथे बसायला डिग्री लागते."

आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने एम. ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं. विशेष विषय, अभ्यासक्रम आणि अध्यापन. स्वतः घातलं ते घातलं, माझंही घातलं! शनिवार-रविवार नारायण पेठेतल्या अभ्यासकेंद्रावर तास असायचे. आठवडाभर पोरांवर ओरडून बसलेला घसा, दुखरे गुडघे आणि त्यात तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग. वर्गात निम्मी मंडळी आमच्या मुलांच्या वयाची, त्यातला एक तर माझाच जुना विद्यार्थी. तो मला नोट्स द्यायचा आणि वर "बाई, अक्षर लागतंय ना?" असं विचारायचा. अभ्यासक्रम विकासनाच्या प्रतिमानांच्या तासाला मी जितकी गाढ झोपले तितकी घरीसुद्धा कधी झोपले नसेन. प्रज्ञा मात्र पहिल्या बाकावर. डोळ्यांखाली काळं, मान ताठ, आणि सरांना एकामागून एक शंका. डब्याच्या सुट्टीत मी कुरकुरले की म्हणायची, "दमलेयच मी पण. दमले म्हणून काय झालं?" मी तिच्या डब्यातली मेथीची भाजी खायचे.

प्रबंधासाठी तिने प्रयोग घेतला पाचवीच्या अपूर्णांकांवर. अशा प्रयोगाची रीत अशी असते, की एका तुकडीला नव्या पद्धतीने शिकवायचं, दुसरीला नेहमीच्याच पद्धतीने, आणि शेवटी दोघींची एकच चाचणी घेऊन फरक बघायचा. अ तुकडीला तिने कागदाच्या घड्या घालून, फळ्यावरच्या भाकरीचे तुकडे पाडून शिकवलं. ब तुकडीला पुस्तक आणि खडू. पण आमच्या वर्गांच्या मध्ये एक व्हरांडा, आणि अ तुकडीत हशा पिकला की ब तुकडीच्या खिडकीत डोकी. त्यातल्या एकीने एके दिवशी सरळ विचारलं, "बाई, आम्हाला का नाही कागद?" झालं! बाईंनी ऑफ तासाला ब तुकडीलाही कागद वाटले. भाकरी, घड्या, सगळं. चाचणीत दोन्ही तुकड्या सारख्याच हुशार निघाल्या. मार्गदर्शक सरांनी तक्ते पाहिले, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "मॅडम, आपण प्रयोग केलाय की अन्नछत्र चालवलंय?"

सर अस्सल पेठेतले. पण चूक त्यांची नव्हती. एक गट उपाशी ठेवल्याशिवाय दुसऱ्याचं पोट भरलं हे कागदावर सिद्ध होत नाही. वर्ष वाया गेलं. मी म्हटलं, "सोड गं, खूप झालं." खरं तर माझाही प्रबंध रखडला होता आणि मला माझीच सुटका हवी होती. ती सोडणारी नव्हती.

पुढच्या वर्षी पाचवीत नवी मुलं आली. या खेपेला तिने ब तुकडीला आधीच सांगून टाकलं, "शेजारी जे चाललंय ते तुम्हाला आत्ता मिळणार नाही. चाचणी झाली की मी फळा घेऊन येणार. शब्द आहे माझा." आणि मन घट्ट केलं. अ तुकडीचा तास असला की व्हरांड्याकडच्या खिडक्या लावून घ्यायची. एकदा मी तिला बंद खिडकीला पाठ लावून उभी असलेली पाहिलं. मला म्हणाली, "मास्तरकीत असं कधी केलं नव्हतं बघ." दिवाळीच्या सुट्टीआधी चाचणी झाली. अ तुकडी बरीच पुढे गेली. सर खूश झाले.

सुट्टीत तिचं पोट दुखायला लागलं. आम्ही म्हटलं ॲसिडिटी, फराळ बाधला असेल. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी मिलिंदला बाहेर बोलावलं. शेवटचं प्रकरण तिने दवाखान्यातल्या पलंगावर तपासलं, प्रबंध बांधून जमाही झाला. मी भेटायला गेले तेव्हा मला वाटलं ती तोंडी परीक्षेचं विचारेल. तिने छताकडे बघत विचारलं, "माधुरी, माझा निष्कर्ष काय आहे सांग."

"नवीन पद्धत प्रभावी आहे."

"नाही गं. ब तुकडी मागे राहिली, हा निष्कर्ष आहे. मी ठेवली मागे." मग थोडी धाप लागली तिला. "फळा तयार आहे घरी. भाकरी काढून ठेवलीये. तू घेशील?"

"तूच घे बरी होऊन. मला कुठे येतात अपूर्णांक?" ती हसली. आवाज नव्हता त्या हसण्याला... पण हसली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

धायरीला तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, माणसं तिच्याबद्दल चार शब्द बोलली. मला बोलायला सांगितलं, तर मी चहाचे कप उचलायला आत गेले. निघताना तिच्या आईने कोपऱ्यातला गुंडाळफळा माझ्या हातात दिला. "कुणाला हात लावू देत नव्हती. शाळेचं आहे, तूच ने."

मग माझी तोंडी परीक्षा झाली. मी पास झाले. तीन-चार जणांनी अभिनंदन केलं, मला कुठे तरी आडवं पडावंसं वाटत होतं. सरांना मी प्रज्ञाच्या पदवीचं विचारलं. "तोंडी झाल्याशिवाय पदवी नाही. नियम आहे," ते म्हणाले. आणि मग, टोमणा मारायची सवय असलेला तो माणूस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पहिल्या वर्षीचा प्रयोग जास्त चांगला होता त्यांचा." मला राग आला. आता सांगताय होय! तेव्हा सांगायचं होतं, तिच्या तोंडावर. पण भांडायचंही त्राण नव्हतं, जिना उतरले.

ब तुकडी मात्र विसरली नव्हती. शाळेतल्या शोकसभेनंतर सानिका म्हणून एक मुलगी माझ्यामागे आली होती. "बाई, आमचे कागद?" मी नुसती मान हलवली होती. नव्या बाई दशांश अपूर्णांकांवर पोचल्या, पोर्शन संपवायची घाई, त्यांचं काय चुकलं? शेवटी मागच्या आठवड्यात माझा मराठीचा तास होता, तोच मी यासाठी घेतला. घरी दोन संध्याकाळ मुलीकडून अपूर्णांक शिकून गेले होते, या वयात.

फळा खिळ्याला अडकवून उलगडला. पांढरी, टम्म फुगलेली भाकरी, कडेला थोडी करपलेली तपकिरी खडूने, तिचे चार भाग. खाली तिचं गोल अक्षर, "ब तुकडी, आता तुमचा तास." मग कागद वाटले, घड्या पडल्या, मी दोनदा चुकले, पोरांनी मला दुरुस्त केलं, हशा पिकला. अर्ध्यातून पाव जाताना एकाला एकदम कळलं आणि तो "आयला!" म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुढचं उदाहरण होतं तीन भागांचं. त्याला नवी भाकरी काढावी लागणार होती, आणि फळ्यावर जागा नव्हती.

सानिका डस्टर घेऊन उठली. फळ्याजवळ जाऊन थांबली. "बाई, पुसू?"

मला खूप थकल्यासारखं झालं. नको म्हणावं, फळा गुंडाळून काखेत मारावा आणि घरी जावं असं वाटलं. मुलं तीन भागांत दुमडलेले कागद हातात धरून वाट बघत होती.

"पूस," मी म्हटलं. "वरून खाली पूस, धूळ उडत नाही."