शिकायची गोधडी

पेटी उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती हातभर गोधडी वर येते, आणि मी नवघरच्या आमच्या ओटीवर जाऊन बसते. सत्तरच्या आसपासचे दिवस. मिठागरावरच्या खाऱ्या वाऱ्यानं सुई गंजून अडायची, मग वहिनी ती आपल्या तेलकट केसांतून फिरवून मला द्यायची. वहिनीला दिवस गेले होते. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवू नये, असं आईचं सक्त सांगणं. "बाळाची कुठंय? ही शिकतेय," म्हणत वहिनी जुन्या साड्यांचे मऊ चौकोन माझ्यापुढे सरकवायची. एकात सरळ धावदोरा, दुसऱ्यात तिरपा, तिसऱ्यात वेटोळी. टाका मोठा पडला की उसवायला लावायची. "बोटं अडकतील गं त्यात," एवढंच बोलायची. शेवटचा चौकोन राहिला असताना ती इस्पितळात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. आई गोधडीकडे नुसती बघत राहिली. काही दिवसांनी वहिनीनं सुई केसांतून फिरवून माझ्या हातात दिली. "अर्धवट ठेवू नये," म्हणाली. त्या चौकोनात माझे टाके मोठमोठे पडले. तिनं एकही उसवायला लावला नाही. परवा नातीनं विचारलं, "ही कोणाच्या बाळाची?" "कोणाची नाही गं," मी म्हटलं, "मी शिकत होते."