कानवाले आणि सुनेचं डिशवॉशर

डिशवॉशर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'कानवाले' म्हणत. दुसरे मेकॅनिक दारातून आत आले की पिशवी उघडून स्क्रू पिळायला बसायचे. कानवाले आधी स्वयंपाकघरातला एक लाकडी चमचा मागून घ्यायचे. चमच्याचं एक टोक मशीनच्या पोटाला, दुसरं आपल्या कानाला, आणि डावा हात वर. हात वर म्हणजे घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. पंखा बंद, रेडिओ बंद. एका घरात तर त्यांनी पोपटाच्या पिंजऱ्यावर चादर टाकायला लावली होती. मग मशीन चालू करून ते डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचे.

"पंपात काच अडकलीय. इतक्यात पेला फुटला होता का कुणाकडून?"

घरातली माणसं एकमेकांकडे बघायची, आणि इतके दिवस दडवून ठेवलेला पेला त्या दिवशी उजेडात यायचा.

टक टक असा ठेका ऐकू आला तर आतला फिरता फवारा कुठल्या तरी उभ्या ठेवलेल्या डावाला धडकतोय. पंप नुसताच गुरगुरतोय आणि पाणी हलत नाही, तर जाळी तुंबलीय. "जाळी शेवटची कधी धुतली होतीत?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यावर दहातल्या नऊ घरांतून "कुठली जाळी?" असा प्रतिप्रश्न यायचा. कानवाले मग मशीनच्या तळातून जाळी काढून, तिच्यातला चिकट लगदा बशीत ओतून समोर धरायचे. त्या बशीकडे बघून पुष्कळ गृहिणींनी आणि बऱ्याच नवऱ्यांनी आयुष्यभराचा धडा घेतला होता.

अशा माणसाला ऐकू कमी येतंय हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्यांना स्वतःला तर नाहीच.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. फोनवर आवाज चढवायचा नाही, शब्द तोडायचा नाही, ही तिथली शिस्त तिच्या अंगात मुरली होती. ती हळू आणि स्वच्छ बोलायची. "तू अलीकडे फार पुटपुटतेस," अशी कानवाल्यांची तक्रार सुरू झाली. पुटपुटणारे दिवसेंदिवस वाढतच चालले. बँकेतला कारकून पुटपुटायचा, दूधवाला पुटपुटायचा, बातम्या सांगणारी मुलगीही पुटपुटायला लागली. टीव्हीचा आवाज इतका चढला की शेजारच्यांनी आपला टीव्ही विकून टाकला तरी चाललं असतं.

एका दुपारी बायको आतून म्हणाली, "अहो, सून येतेय."

कानवाल्यांनी "हं" म्हटलं, उठले आणि खिडकीचे पडदे ओढून घेतले. थोड्या वेळाने सून दारात उभी, आणि आत मिट्ट अंधार करून सासरे आरामखुर्चीत बसलेले.

"हे काय, पडदे का लावलेत?" बायकोने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, ऊन येतंय."

सुनेने तोंडावर पदर नसल्यामुळे हात धरला. बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "एकदा कान दाखवून या." त्यावर कानवाले म्हणाले, "कान काय दाखवायचे, ते दिसतातच सगळ्यांना." आणि विषय संपला.

जगात एकच बाई त्यांच्या मते नीट बोलत होती. सुनेची आई, म्हणजे त्यांच्या विहीणबाई. त्या साधं "बसा" म्हणाल्या तरी समोरच्या इमारतीतली माणसं बसायची. "बोलावं तर असं," कानवाले बायकोला सांगायचे.

या विहीणबाई लेकीकडे राहायला आल्या असताना सुनेचं डिशवॉशर बिघडलं. बटण दाबलं की मशीन सुरू व्हायचं, बराच वेळ घुटमळायचं आणि मग लाल दिवा लावून थांबायचं. भांडी कोरडीच्या कोरडी. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेलेला. सुनेने सासऱ्यांना फोन केला, आणि कानवाले सकाळीच पिशवी घेऊन हजर झाले. घरचं काम, त्यातून विहीणबाई बघणार. त्यांनी दाढीसुद्धा दोनदा केली होती.

चमचा आला, हात वर गेला. कानवाल्यांनी डोळे मिटले. पंप एकदा हुंकारला. नंतर काहीच नाही.

"आत पाणीच येत नाहीये," ते म्हणाले. "पाणी घेणारा व्हॉल्व्ह गेलाय. माझ्याकडे आहे गाडीत. आत्ता बसवतो."

"पाणी येतंय की," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "सूं सूं वाजतंय केव्हाचं."

कानवाले हसले. "विहीणबाई, तो पाण्याचा आवाज नव्हे."

"मग कसला?"

"अनुभवाने कळतं," कानवाले म्हणाले. खरं तर त्यांना कसलाच आवाज आला नव्हता, पण विहिणीसमोर तसं सांगायची ती वेळ नव्हती.

नवा व्हॉल्व्ह बसला. बटण दाबलं. मशीन घुटमळलं आणि लाल दिवा लावून थांबलं. कानवाल्यांनी जुना व्हॉल्व्ह निरखून पाहिला, फुंकर मारून पाहिली. तो धडधाकट निघाला. मग त्यांनी दाराची कडी तपासली. दार नीट लागलं नाही तर मशीन पाणी घेत नाही. कडी ठणठणीत होती. मग तळातला तरंगता खटका तपासला, जो वर अडकला तर मशीनला वाटतं की पाणी भरलंय. खटकाही शहाण्यासारखा वरखाली होत होता. दुपार होईपर्यंत दाराचं पॅनल निघालं, वायरी बाहेर आल्या, स्क्रू वाट्यांमधून वेगवेगळे ठेवले गेले, आणि सुनेला चहा करायचा तर मशीनच्या अवयवांवरून उडी मारून शेगडीपर्यंत जावं लागू लागलं.

"आता मेंदू बदलावा लागेल," कानवाले म्हणाले. मेंदू म्हणजे आतलं सर्किट.

"कुणाचा?" विहीणबाईंनी विचारलं. हे त्यांनी आपल्या मते हळूच विचारलं होतं.

सुनेने गुपचूप सासूला फोन लावला. सासू आली. तिने चप्पल काढली, पसाऱ्यातून वाट काढली, नवऱ्याच्या हातातला चमचा घेतला आणि स्वतः कानाला लावला. "चालू करा," ती म्हणाली.

नोकरीत असताना ती खरखरणाऱ्या तारेतूनही लांबच्या माणसाचं बोलणं वेगळं काढायची. ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "पाणी येतंय. पण मागे कुठेतरी गुळगुळ वाजतंय. येतंय तसं निघून जातंय."

कानवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. "तुलाही ऐकू येतंय?"

सुनेने मान हलवली. "सूं असा बारीक आवाज आहे, बाबा. सकाळपासून."

"मी म्हणत नव्हते?" असं म्हणायला विहीणबाईंनी तोंड उघडलं होतं, पण कानवाल्यांचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं. त्या दिवसातला हा एकच शब्द त्यांनी गिळला, आणि तो त्यांना जड गेला असणार.

कानवाले फरशीवरच बसले होते. ज्या मशीनांनी त्यांच्याशी कधी लपवाछपवी केली नव्हती, त्यातलं एक सकाळपासून सगळं सांगत होतं आणि ते त्याच्या वायरी उपटत बसले होते. "कान गेले तर मी कानवाला कसला," ते म्हणाले.

"गेले नाहीत हो," बायको म्हणाली. "बारीक आवाज गेलेत फक्त. जाडे आहेत की."

 तिचे 'येतंय तसं निघून जातंय' हे शब्द मात्र त्यांच्या डोक्यात पोहोचले होते, आणि डोकं शाबूत होतं. ते एकदम उठले. "मशीन पुढे ओढा," म्हणाले.

तिघींनी मिळून ओढलं. सांडपाण्याची नळी मागच्या हुकातून निसटून सरळ जमिनीवर लोळत होती. ती नळी आधी वर चढून मग खाली उतरायला हवी. वर चढलीच नाही तर भांड्यातलं पाणी नळी लावून उपसावं तसं मशीनमधलं सगळं पाणी आपोआप मोरीत जातं. बिचारं मशीन भरत राहायचं, रिकामं होत राहायचं, आणि थकून दिवा लावायचं.

"हे मशीन कुणी हलवलं होतं?" कानवाल्यांनी विचारलं.

"तुमच्याच लेकाने," सून म्हणाली. "मागे चार्जर पडला होता त्याचा."

नळी हुकात अडकवली, सगळे अवयव जागेवर गेले, फक्त एक स्क्रू उरला, तो कानवाल्यांनी कुणाचं लक्ष नसताना खिशात टाकला. मशीन पाण्याने भरलं आणि धुवायला लागलं. विहीणबाई स्वतःच्या हाताने सगळ्यांसाठी चहा करायला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "व्याही, साखर किती?" ते मात्र कानवाल्यांना लख्ख ऐकू आलं.

पुढच्याच आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. कानवाल्यांनी परीक्षेत नापास व्हायचं नाही असं ठरवलं होतं. ते थोड्या थोड्या वेळाने बटण दाबत राहिले. शेवटी काचेपलीकडून डॉक्टरीणबाईंनी खूण करून हेडफोन काढायला लावला.

"काका," त्या म्हणाल्या, "मी अजून एकही आवाज सोडलेला नाही."

यंत्र मिळालं, कानात बसलं. पहिले काही दिवस ते हैराण झाले. आपली गाडी एवढी करकरते हे त्यांना माहीतच नव्हतं. वर्तमानपत्र उलटताना एवढा आवाज होतो हेही. बायको पुटपुटत नव्हती, हे त्यांनी एका सकाळी कबूल केलं, आणि तिने "काय म्हणालात?" असं दोनदा विचारून ते पुन्हा वदवून घेतलं. अडचण एकच झाली. चमचा कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारायचं. ते काढून ठेवलं तर मशीनचे बारीक आवाज नाहीत, आणि घातलं तर ही शिट्टी. म्हणून अवघड कामांना बायको बरोबर जायला लागली. ऐकायचं तिने, उलगडायचं त्यांनी.

असंच एकदा एका निवृत्त गृहस्थांकडे बोलावणं आलं. दार उघडलं तर फेस बैठकीच्या खोलीपर्यंत आलेला, आणि गृहस्थ त्यात घोट्यापर्यंत बुडून उभे. "मी फक्त डिशवॉशरचीच पावडर वापरतो," ते नमस्कार करण्याआधीच म्हणाले. कानवाल्यांनी फेसाकडे पाहिलं. असला फेस फक्त हाताने भांडी घासायच्या पातळ साबणाचा होतो. पण विचारलं की गृहस्थ तेच वाक्य म्हणायचे. शेवटी बायको त्यांना गॅलरीत घेऊन गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. परत आले तेव्हा गृहस्थ खाली बघत म्हणाले, "पावडर संपली होती. म्हणून पातळ साबण घातला. चांगला पेलाभर."

मीठ शिंपडून फेस बसवला, रिकामं मशीन परत परत गार पाण्याने चालवलं, फरशी पुसली. गृहस्थांनीही पुसायला हात लावला.

जिना उतरताना कानवाल्यांनी विचारलं, "काय सांगितलंस तू त्यांना?"

"म्हटलं, आमच्याकडेही एकदा असंच झालं होतं."

"आपल्याकडे डिशवॉशर आहेच कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्यांना बरं वाटलं ना."

कानवाले जिन्यातच थांबून हसले, आणि मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तिच्या मागे खाली उतरले.