झाकणांची फेरी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगते. आमच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात सहा यंत्रं एकदम धडधडत असली तरी माझं बोलणं पार दारापर्यंत जातं, म्हणून सगळ्या मला भोंगा म्हणतात. जे झालं त्यात मोठा वाटा या आवाजाचाच आहे. झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आक्का माझी रोलरवरची जोडीदारीण. रोलर म्हणजे चादरी इस्त्री करणारं लांबलचक यंत्र. तिनं अलीकडून ओली चादर दोन्ही कोपरे धरून आत सोडायची, मी पलीकडून गरम चादर ओढून घडी घालायची. चौदा वर्षं हेच. वाफेतून तिचं तोंड मी जितकं पाहिलं तितकं नवऱ्याचंही पाहिलं नसेल. बोलायची कमी. तिचा नवरा गेला, तेव्हा पंधरा दिवसांनी येऊन आपल्या जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "कर चालू." बस, एवढंच.

दुपारी अर्धा तास सुट्टी. मागच्या खोलीत एक जुनं टेबल आहे, त्याभोवती आम्ही आठ जणी. आमच्याकडे स्वतःचा डबा कुणी एकटीनं खात नाही. डब्याचं झाकण भरायचं आणि उजवीकडे सरकवायचं. झाकणं फिरतात, प्रत्येकीनं प्रत्येकीच्या हातचं खायचं, आणि आपलं झाकण आपल्याकडे परत येईल तेव्हा ते चाटूनपुसून रिकामं पाहिजे. 'नको' म्हणायचं नाही. हा नियम कुणी केला? मीच, दुसरं कोण करणार!

तो मोडणारी एकच निघाली. तिला रक्तदाब निघाला, तशी ती बिनमिठाचा डबा आणायला लागली आणि आमची झाकणं न खाता पुढे सरकवायला लागली. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "काय गं, आमच्या हातांना खरूज झालीय का?" सगळ्या खो खो हसल्या. त्या दिवसापासून तिचं नाव अळणी पडलं. महिन्याभरात ती डबा घेऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसायला लागली, आमच्याकडे पाठ करून. तिला ऊठ असं कुणी म्हटलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नाही. आक्का तेव्हा माझ्या शेजारीच होती आणि सगळं बघत होती, हे मला आता आठवतं.

पुढच्या वर्षी आक्का वाळायला लागली. एप्रनचे बंद कमरेला दोनदा फिरवून बांधायची. गालांची हाडं वर आली. सारखी पाणी प्यायची, सारखी उठून जायची. डब्यात उकडलेल्या भाज्या, काकडी आणि मूठभर भात.

"हे काय गं? आजाऱ्याचं जेवण?" मी विचारलं.

"सुनेनं दिलंय," ती म्हणाली आणि झाकण सरकवलं.

झालं! आमच्या डोक्यावर चार मजले भरून डॉक्टर बसलेत, पण आम्ही कशाला कुणाला विचारतोय? सून सासूला उपाशी मारतेय, हे आम्ही टेबलावरच ठरवून टाकलं. माझं तर टाळकंच सरकलं. आम्ही पाळ्या लावल्या. एकीनं तळलेलं आणायचं, एकीनं साखरेत घोळलेलं, आणि बुधवारी माझा गोड भात, वर साय. आक्कापुढे झाकण आलं की मी आणखी दोन चमचे वाढायची. "खा गं निवांत. इथं तुझी सून बघायला येत नाही." ती खायची. खाता खाता कधी तिचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, बिचारी, किती दिवसांनी पोटभर जेवतेय.

एकदा ओल्या चादरींची गाडी तिच्या पायावरून गेली. लोखंडी चाकं, वर मणभर ओझं. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं आणि ही आपली कोपरे जुळवतेय. खाली बघितलं तर चपलेत रक्त. "कळलं नाही गं," म्हणाली. आम्ही हसलो. आक्काचं कातडं गेंड्याचं आहे म्हणालो. हसलो हो आम्ही.

त्याच आठवड्यात सून फाटकाशी आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते ती. जेवायच्या सुट्टीत धावतपळत आली होती, कपाळावर घाम.

"काकू, आईंना साखर आहे," ती म्हणाली. "फार वाढलीय. घरी मी जपते, पण इथं त्या काय खातात ते मला कळत नाही. पायाची जखम भरत नाहीये. तुम्ही त्यांना गोड देऊ नका ना. त्या स्वतः तुम्हाला कधी सांगणार नाहीत."

मी तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं. पण चौदा वर्षं समोर उभी असलेली बाई मला सांगणार नाही आणि ही कालची पोर मला शिकवणार! मी भोंगा सुरू केला. "घरात खायला घालायला जिवावर येतंय, ते येतंय, वर आमच्याकडचा घासही तोडायला आलीस? लाज नाही वाटत?" वरच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. पोरीचा चेहरा लाल झाला. "त्यांनाच विचारा," एवढं बोलून ती गेली.

मग मी विचारलं. कुठे विचारलं? टेबलावर, सगळ्यांच्या देखत, याच आवाजात. "आक्का, तुला साखर आहे का गं?"

सगळ्यांचे घास हातातच थांबले. आक्कानं खिडकीकडे बघितलं. अळणी पाठमोरी बसून आपलं आपलं खात होती.

"छे गं," आक्का म्हणाली. "ती उगाच घाबरते." आणि माझं झाकण ओढून तिनं ते बोटानं निपटून खाल्लं.

दोन महिन्यांनी तिचा पाय गुडघ्याखाली कापला. आमच्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्याच्या चादरी पिशव्यांत भरून आमच्याकडेच धुवायला येतात. त्या आठवड्यात त्या पिशव्या उघडायला माझे हात धजेनात. अळणीनं उघडल्या, कुणी न सांगता. दुपारी मी तिला म्हटलं, "ये, टेबलावर बस." ती म्हणाली, "राहू दे. मला आता इथंच बरं वाटतं."

आक्का घरी गेल्यावर मी भेटायला निघाले. सकाळी उठून भात शिजवला, डबा भरला, पिशवीत टाकला. दाराची घंटी वाजवली तेव्हा लक्षात आलं, डब्यात गोड भात आहे. मेली ही हाताची सवय! सुनेनं दार उघडलं. शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. तिनं आत बोलावलं.

आक्का पलंगावर होती. चादर एका बाजूला सपाट.

"काय आणलंस?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"काही नाही गं."

"वास येतोय."

मी धुलाईखान्यातलं काहीबाही बडबडत राहिले. पिशवी पायाशी होती. आक्का त्या पिशवीकडे बघत होती. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"मलाही खिडकीत बसवलंस ना?" ती म्हणाली.

द्यावं तर तिचा जीव जातो, न द्यावं तर हे असं. मी पिशवी उचलून उठले.

सून जिन्यापर्यंत आली. "त्या जेवतच नाहीत," ती हळूच म्हणाली. "ताट तसंच परत देतात. एकटीनं काय खायचं, म्हणतात. तुमचा डबा देता का? रिकामा. मी त्यात आमचंच घालीन. तुमचं म्हणून खातील तरी."

मी खाली गेले. भात कचऱ्याच्या डब्यात ओतला, नळावर डबा घासला आणि वर नेऊन तिच्या हातात दिला.

तेव्हापासून आमच्यातल्या एकीचा रिकामा डबा रोज सुनेकडे जातो. आक्का खाते. परवा गेले, तर म्हणाली, "भोंग्या, तुझ्या हातची चव गेली गं." मी म्हटलं, "म्हातारी झाले." तिनं झाकण बोटानं निपटून मला रिकामं दाखवलं.

दुसऱ्या पायाचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.