जहाजातलं थेटर मी बनवलं तेव्हा

बहात्तरच्या दुष्काळात मी मुंबईला निघाल्तो, बिगर तिकिटाचा. टीसीनं मनमाडलाच उतरवला. दोन महिने तिथंच पोती उचलली आन् गावात येऊन सांगितलं, मुंबई पाहिली, जहाजाच्या आत बी जाऊन आलो. राजूरच्या बाजूला समुद्र पाहिलेला कोण हाय खोटं पाडायला?

दोन वर्षांनी शाळेतल्या गुरुजींनी नाटक लिहिलं. त्यात श्रीमंत लोकं जहाजातल्या थेटरात सिनेमा पाहत्यात. गुरुजी म्हणले, "आतून पाहिलेला तूच एक. थेटर तूच बनव."

न्हाई म्हणावं तर खोटं उघडं पडतं. मला अक्कल फक्त बैलगाडी भरायची. वझं मागं जास्त झालं की गाडी उलार होते, बैल टांगले जात्यात. जहाजाचं बी तसंच असंल म्हणून बराबर मधात पडदा टांगला. तंबूतल्या सिनेमासारखे पडद्याच्या पुढं बाप्ये, पडद्याच्या मागं बाया, दोन्हीकडं सारखी बाकं. दाराशी पाण्याचा रांजण.

बायको म्हणली, "मागून सगळे डावखोरे दिसतील."

"पाण्यावर चालतंय," मी म्हणलो.

तालमीच्या दिवशी गुरुजींनी अंबडहून त्यांचे मामा आणले. वीस वर्षं जहाजावर नोकरी केलेला माणूस. मामांनी बाकं पाहिली, रांजणात डोकावले.

"मामा, बराबर हाय का?" गुरुजींनी विचारलं.

"मला काय माहीत? मी खाली इंजिनाला तेल घालायचो. थेटरात आमाला सोडत नव्हते. वरून बाजा तेवढा ऐकू यायचा. असंल असंच."

मी सुटलो. पोरं पाठ थोपटून राह्यली होती. तेवढ्यात मामा जवळ आले आन् हळूच म्हणले, "तुला कसं सोडलं रे आत? मी लई विनवण्या केल्त्या."

त्या माणसाचं तोंड पाहून पुढचं खोटं सुचलंच न्हाई. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "मामा, मी मनमाडच्या पुढं गेलोच न्हाई."

लोकं पोट धरधरून हसले. बायको बी हसली. मामा तेवढे हसले न्हाईत. त्यांनी चपला काढल्या, पुढच्या बाकावर जाऊन बसले आन् कोऱ्या पडद्याकडं पाहत राह्यले.

बाकाचा एक पाय आखूड होता, माझीच कारागिरी. ते कलाया लागलं तसा मी जाऊन दुसऱ्या टोकाला बसलो. मामा उठंस्तोवर हाललो न्हाई.