माझ्या भारोभार गूळ

मी पाच वर्षांचा होईपर्यंत आमच्या घरात मला जमिनीवर कोणी फारसं सोडलं नाही. पायाला काही झालेलं नव्हतं. पाय चांगले होते, पायांत चांदीचे तोडे होते, पण त्या तोड्यांचा आवाज गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. मायचा हात भरून आला की मी फुईच्या कडेवर, फुई वैतागली की सालदाराच्या खांद्यावर. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं आमच्याकडे राहिलेला गडी, सातपुड्यातला. नांगर ओढायला बैल होते, मला ओढायला तो.

मी आमच्या घरातला पहिला बी. ए., आणि गावातलाही. हे मी कोणी न विचारता सांगतो. माझ्या अंगाची ही गोष्ट मात्र विचारल्यावरही सांगत नाही. कॉलेजात कवायतीच्या वेळी पळायला सांगितलं की माझा घोटा दुखायचा. घोट्याला काहीही झालेलं नसायचं. पळताना माणूस मागून कसा दिसतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

यातलं थोडं मला आठवतं, बाकीचं फुईनं सांगितलेलं. फुई म्हणजे बापाची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेली. तिला कोणाचं भय नव्हतं, बापाचं तर नाहीच.

माझ्याआधी माझ्या मायची दोन मुलं गेली. दोघंही रांगायच्या वयात, दोघंही वाळून. बापानं त्यांना हातात घेऊन नदीवर नेलं होतं. फुई म्हणायची, दुसऱ्याला नेताना त्याला ओझं जाणवलंच नाही, त्यानं दोनदा फडकं उघडून आत पाहिलं. तेव्हापासून बारीक पोर म्हणजे जाणारं पोर, हे त्याच्या डोक्यात बसलं. मी जन्मलो तेव्हा मायनं नदीकाठच्या देवीला नवस केला, पोर जगलं तर पाचव्या वर्षी त्याच्या भारोभार गूळ वाहीन. आमच्याकडे तापीकाठी हे नेहमीचं आहे. काट्याच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. तो गूळ देवीचा, मग गावाचा.

एवढ्यावर राहतं तर ठीक होतं. पण आदल्या वर्षी चैत्र पुनवेला माझ्या चुलत्यानं त्याच्या पोराची तुला केली. बापाचं आणि चुलत्याचं बांधावरून बिनसलेलं. त्या पोराला गुळाच्या दोन भेल्या, म्हणजे ढेपा, लागल्या, वर एक खडा. बाप काट्यापाशी उभा राहून पाहत होता. घरी आला आणि पागोटं खुंटीला लावायच्या आत म्हणाला, "आपलं पारडं त्यासनापेक्षा खाले जावाले जोयजे."

त्या दिवसापासून माझं खाणं बदललं. सकाळी लोण्याचा गोळा, दुपारी तुपात बुडवलेला काला, संध्याकाळी तुपसाखरेत घोटलेला दराबा. सालदाराची बायको ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा खायची, मला त्याचा वास आवडायचा. मी हात पुढे केला तर बाप तिला दटवायचा. आणि दुसरा हुकूम जुनाच, पण आता पक्का, मला पळू न देण्याचा:

"खाले सोडू नका त्याले. पयी पयी झिजी जाई."

"साबू शे का तो, झिजाले?" फुई म्हणाली.

"तू गप ऱ्हाय."

"मी गप ऱ्हासू. पन पोऱ्याले पाय देवानी कसाले दिधात, इतलं सांगी दे."

बापाचं उत्तर त्या उघडलेल्या फडक्यात होतं, पण ते तेव्हा कोणाला दिसणार?

मायचं वेगळंच चाललं होतं. दुपारी बाप शेतात गेला की ती मला स्वयंपाकघरात बाजेच्या पायाशी उभं करायची आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसायची. "ये," म्हणायची. मी बाजेचा पाय सोडायचो नाही. चार पावलांवर माय होती, पण मांड्या एकमेकींना घासायच्या, घामानं चुरचुरायच्या, आणि मला उचलून घेण्याची सवय झालेली. मी रडायचो. ती उचलायची नाही, पण रडणं बाहेर ऐकू जाईल म्हणून शेवटी उचलायचीच. तिला एवढी घाई कशाची आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

एकदा खळ्यावर मी सुटलो. सालदार पाणी प्यायला विहिरीवर वाकला होता. गल्लीतली पोरं कडब्याच्या गंजीवरून घसरत होती, चुलत्याचा पोरगाही त्यांत होता. मला वाटलं, मलाही घसरता येईल. मी त्यांच्याकडे पळालो, म्हणजे मला वाटलं की मी पळतोय. गंजीपर्यंत पोचेस्तो माझा श्वास असा वाजायला लागला की पोरं घसरायची थांबली. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "हेल्या उना रे, हेल्या उना." हेल्या म्हणजे रेडा, उना म्हणजे आला. ती सगळी पोरं मला वाट करून देऊ लागली, गोठ्यात जनावर आल्यावर देतात तशी. मला त्या शब्दाचा राग आला नाही. त्यांनी वाट दिली, खेळायला घेतलं नाही, याचा आला. गंजीवर चढायला पाय उचलला तर तो उचललाच गेला नाही. मी तिथंच बसलो. सालदारानं येऊन मला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी त्यानं बोलणी खाल्ली ती वेगळीच.

चैत्राची पुनव आली. कापूस तोलायचा मोठा काटा देवीच्या ओट्याखालच्या उतारावर असलेल्या लिंबाला टांगला. नंदुरबारच्या बाजारातून बैलगाडीनं भेल्या आणल्या होत्या. डफ वाजत होता. मला नवी टोपी, जरीची अंगरखी, गळ्यात ताईत. पारड्यात बसवलं तेव्हा पारडं जमिनीला टेकलं आणि सगळे "हं" म्हणाले. बापानं पहिली भेली ठेवली, दुसरी ठेवली. चुलता पुढं सरकला. तिसरी ठेवली तेव्हा कुठं काटा हलला. बापानं चुलत्याकडे पाहिलं नाही. त्याला पाहायची गरज उरली नव्हती. मला आठवतं ते एवढंच की बाप हसत होता, मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्याचं कारण मी आहे हे मला समजत होतं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही, आणि लाज वाटते ती त्याचीच जास्त.

बाप मला उचलायला वाकला, देवीपुढं न्यायला. तेव्हा माय बोलली. चारचौघांत ती बापाशी थेट कधी बोलत नसे. पदर नाकापर्यंत ओढून ती फुईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं:

"बाई, त्यास्ले सांगा, हात नका लावा. मन्हा नवस आरधाच व्हयना."

डफ थांबला.

"आरधा कसा?" बाप म्हणाला.

"पोऱ्यानी सोताना पायवर चालीसन देवीजोडे गूळ ठेवाना शे. मी तसं बोलेल शे."

"मंग पहिले काबर नही सांगं?"

"फेडापहिले नवस कोनी सांगस का?"

खरंच, कोणी सांगत नाही. तुलेचं सगळ्यांना माहीत असतं, कारण गूळ आणावा लागतो; पण बाकीचा नवस फेडायच्या आधी तोंडातून गेला की तो वाया जातो, हे बापालाही पाठ होतं. वर्षभर एकाच पोरावर दोघं उलट्या बाजूंनी काम करत होती, आणि ती बाजेपाशी "ये" म्हणायची ते कशासाठी, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं असावं. तो बाजूला झाला.

लिंबापासून देवीच्या ओट्यापर्यंत आज मी गेलो तर बोलता बोलता पोचतो. चढण आहे, पण शेळ्यांना जाणवतही नाही. माझ्या हातात गुळाचा खडा दिला. लोकांनी दोन्हीकडे वाट केली. खळ्यावरच्या पोरांनी केली होती तशीच. मी निघालो. तोडे वाजले, आणि लोकांनी माना वळवल्या. चढणीला लागल्यावर श्वास वाजायला लागला. मी मागे वळून बापाकडे पाहिलं आणि हात वर केले, घे म्हणून. तो पुढं आला नाही. मी पडलो. उठलो ते हातांवर टेकून, ढुंगण आधी वर करून, तान्ही पोरं उठतात तसा. मागून चुलत्याचा आवाज आला:

"अरे, गाडी जुपा रे कोनी."

लोक हसले. ते वाईट हसले असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्यात असतो तर हसलो असतो. मी पुन्हा चाललो, पुन्हा बसलो, आणि या वेळी उठलो नाही. हातातला गूळ घामानं चिकट झाला होता. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी तो चाटायला लागलो. देवीचा गूळ, देवीच्या तोंडासमोर, नवी टोपी घालून.

आता कोणीच हसलं नाही. माय पुढं आली, माझ्याजवळ मातीत बसली. तिनं माझ्या हातातून गूळ काढून घेतला नाही. तिचा चेहरा पदराआड होता, पण पदर हलत होता. भेल्या देवीपुढं गेल्या, प्रसाद वाटला गेला, सालदारानं मला घरी आणलं. बाप त्या दिवशी जेवला नाही आणि वर्षभर त्या काट्याचं नाव त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं माझे तोडे काढून ठेवले आणि मला घेऊन ती पाण्याला निघाली. घेऊन म्हणजे बोट धरून. बाप ओसरीवर दातण करत होता. त्यानं पाहिलं आणि चूळ भरली. त्यानंतर रोज. पहिल्यांदा शेजारच्या दारापर्यंत, मग पिंपळापर्यंत. मी बसायचो, ती घागर खाली ठेवून थांबायची. "बठ. दम खाय. मंग चाल." उचल म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. लोण्याचा गोळा बंद झाला तेव्हा मी भांडी फेकली. सालदाराच्या बायकोनं एकदा कळण्याच्या भाकरीचा तुकडा दिला, तो मात्र बापासमोरच.

पाऊस गेला, ज्वारी काढली, आणि एका साध्या दिवशी, पुनव नाही, डफ नाही, माय मला लिंबापाशी घेऊन आली. हातात खडा दिला. स्वतः ओट्यावर जाऊन बसली, चुलीपाशी बसायची तशी. "ये," म्हणाली.

चुलत्याचा पोरगा तिथंच शेळ्या राखत होता. "हेल्या उना," तो म्हणाला, पण एकट्यानं म्हटलेलं तेवढं लागत नाही. मी मध्येच एकदा थांबलो, बसलो नाही. श्वास वाजत होता. गुळाला जीभ लावली नाही. देवीपुढं ठेवला तेव्हा त्याला माझ्या बोटांचे ठसे होते. मायनं देवीला हात जोडले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

संध्याकाळी तिनं बापाच्या ताटात भाकरीशेजारी त्याच गुळाचा तुकडा ठेवला. माझा बाप विचारणारा माणूस. ताटात जास्तीची मिरची आली तरी कोणी आणली ते विचारायचा. त्यानं तुकडा उचलला, कपाळाला लावला, खाल्ला, आणि मला म्हणाला, "पानी आन रे."

घरात पाणी आणायला फुई होती, माय होती. माझं नाव त्या कामाला आजवर कोणी घेतलं नव्हतं. मी उठलो आणि रांजणाकडे गेलो. परत येताना तांब्यातलं निम्मं सांडलं. तो चालणाऱ्या माझ्याकडे पाहत होता, आणि मी पोचायच्या आत त्यानं मान खाली घातली.